ईआर ९५ टक्के, केआय-६७ कधी १८ तर कधी २८: हे आकडे वाचायचे कसे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचं वय ६१, पाळी जाऊन बरीच वर्षं झाली. स्तनातली २.३ सेंटिमीटरची गाठ शस्त्रक्रियेने काढली, काखेतल्या तपासलेल्या दोन्ही लिम्फ नोड स्वच्छ निघाल्या. रिपोर्टमध्ये लिहिलंय: ग्रेड २ (३+२+१=६), ईआर ९५ टक्के, पीआर ५ टक्के, हर-२ (वाढीचा निरोप घेणारं पेशीवरचं आणखी एक प्रथिन) १+, म्हणजे निगेटिव्ह, केआय-६७ १८ टक्के. त्याच ब्लॉकची (मेणात बसवलेल्या गाठीच्या तुकड्याची) दुसऱ्या लॅबमध्ये फेरतपासणी केली, तर केआय-६७ २८ टक्के आला. बाकी सगळं तेच. कुठला आकडा खरा? ईआर ‘चांगला’ आणि केआय-६७ ‘वाईट’, असं एकाच गाठीत कसं असेल? आणि आता केमो लागणार का?

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. पेशंटची भेट क्वचित होते, पण तिची गाठ रोज मायक्रोस्कोपखाली असते. म्हणून पहिल्या दोन प्रश्नांवर मोकळेपणाने लिहिते. तिसऱ्याचा निर्णय आईंच्या ऑन्कॉलॉजिस्टचा. तो कशाच्या आधारावर घेतात, एवढं मात्र सांगते.

आधी टक्क्यांविषयी. रिपोर्ट हातात घेतलेल्या बऱ्याच नातेवाइकांच्या मनात कुठेतरी हे असतंच, की ईआर ९५ टक्के म्हणजे रोग ९५ टक्क्यांवर गेला. तसं काही नाही. गाठीचा अगदी पातळ काप घेऊन त्यावर विशिष्ट अँटिबॉडी घालतात आणि ती जिथे चिकटली तिथे तपकिरी रंग आणतात. ही इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री. मग शंभर कॅन्सर पेशींपैकी किती पेशींचं केंद्रक रंगलं ते मोजतात. ईआर ९५ म्हणजे जवळपास सगळ्या कॅन्सर पेशींमध्ये इस्ट्रोजेनचा रिसेप्टर आहे. केआय-६७ १८ म्हणजे गाठ काढली त्या घडीला शंभरातल्या अठरा पेशी विभाजनाच्या चक्रात होत्या. गाठ किती मोठी, कुठवर पोचली, हे या दोन्ही आकड्यांत नसतं. ते साइझ आणि लिम्फ नोडच्या ओळींत असतं, आणि आईंच्या रिपोर्टमधल्या त्या ओळी बऱ्या आहेत. काही लॅब ईआरसाठी ‘८ पैकी ८’ असा ऑलरेड स्कोअर देतात: किती पेशी रंगल्या याचे ५ पर्यंत गुण, रंग किती गडद याचे ३ पर्यंत. दोनतृतीयांशाहून जास्त पेशी गडद रंगल्या की ८. आईंचा ईआर तिथलाच.

आता ईआर म्हणजे काय ते जरा नीट बघू, कारण तुमच्या ‘चांगला-वाईट’ प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

अंडाशय आणि स्तनाचा कॅन्सर यांचं काहीतरी नातं आहे, हे इस्ट्रोजेन माहीत होण्याच्या आधीच दिसलं होतं. ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीटसन यांनी १८९६ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, की शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेल्या रुग्णांची अंडाशयं काढल्यावर स्तनातली गाठ आक्रसली. पुढे अनेकांनी तोच उपाय करून पाहिला. काही बायकांना उत्तम गुण यायचा, बऱ्याच जणींना काडीचाही नाही, आणि कुणाला येईल हे आधी सांगता यायचं नाही. ते कोडं १९५० च्या दशकाच्या अखेरीस सुटायला लागलं. शिकागो विद्यापीठात एलवूड जेन्सन यांनी किरणोत्सारी इस्ट्रोजेन वापरून दाखवलं की काही अवयवांच्या पेशी हे हार्मोन धरून ठेवतात आणि बाकीच्या त्याला जाऊ देतात. धरून ठेवणारं प्रथिन म्हणजे हा रिसेप्टर. ज्या गाठीत तो आहे तिला इस्ट्रोजेन तोडल्याचा फरक पडतो, ज्या गाठीत नाही तिला पडत नाही. आजही ईआर तपासण्यामागचं मुख्य कारण हेच आहे. स्तनाच्या कॅन्सरपैकी साधारण ७० ते ८० टक्के ईआर पॉझिटिव्ह असतात.

इस्ट्रोजेन येऊन चिकटलं की ईआर डीएनएवरच्या ठरावीक जागांवर जाऊन बसतो आणि काही जनुकं सुरू करतो. त्यातलं एक पीआरचं, म्हणजे प्रोजेस्टेरॉनच्या रिसेप्टरचं. दुसरं, आपल्या विषयासाठी जास्त महत्त्वाचं, सायक्लिन डी१ चं. सायक्लिन डी१ जाऊन सीडीके ४ आणि ६ या एन्झाइमना जागं करतं. ती एन्झाइम आरबी नावाच्या प्रथिनाला फॉस्फेट चिकटवतात. आरबीचं एरवीचं काम पेशीला अडवून धरण्याचं, पण फॉस्फेट चिकटलं की त्याची पकड सुटते आणि पेशी डीएनएची नक्कल करायच्या टप्प्यात शिरते. या टप्प्यावर केआय-६७ ची अँटिबॉडी घातली तर ती पेशी तपकिरी दिसणार.

ईआर आणि केआय-६७ या रिपोर्टमध्ये दोन वेगळ्या ओळी असल्या तरी ईआर पॉझिटिव्ह गाठीत त्या एकाच साखळीची दोन टोकं आहेत. पेशीला हुकूम कोण देतंय ते ईआर सांगतो. त्या हुकमावर किंवा आणखी कुणाच्या हुकमावर किती पेशी कामाला लागल्या आहेत, ते केआय-६७ सांगतो. मग ईआर ९५ आणि केआय-६७ २८ एकत्र असण्यात विसंगती कसली? हुकूम देणारा हजर आहे आणि कामही चालू आहे, एवढाच त्याचा अर्थ.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण मायक्रोस्कोपवर बसणाऱ्या माणसाला ती फार आवडते. निरोगी स्तनात हे असं नसतं. तिथे ईआर असलेल्या पेशी थोड्या, विखुरलेल्या, आणि त्या स्वतः जवळजवळ कधीच विभागत नाहीत. इस्ट्रोजेन मिळालं की त्या ॲम्फिरेग्युलिनसारखे निरोप शेजारणींकडे पाठवतात आणि विभागतात त्या ईआर नसलेल्या शेजारणी. एकाच कापावर ईआर आणि केआय-६७ दोन रंगांत घेतले तर निरोगी नळीत दोन्ही रंग एका केंद्रकात क्वचितच सापडतात. कॅन्सरमध्ये ही शिस्त मोडलेली असते. ज्या पेशीत रिसेप्टर तीच पेशी विभागते. इस्ट्रोजेनवर अवलंबून असणं हा गाठीचा मूळ गुण असतो म्हणतात तेव्हा हा बदल त्याच्या मुळाशी असतो.

आता केआय-६७. जर्मनीतल्या कील शहरात योहानेस गेर्डेस आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली ही अँटिबॉडी प्रसिद्ध केली. नावातलं ‘केआय’ त्या शहराचं आणि ६७ हा प्रयोगातल्या क्लोनचा क्रमांक. ती ज्या प्रथिनाला चिकटते ते पेशीचक्राच्या सगळ्या सक्रिय टप्प्यांत असतं आणि चक्राबाहेर विश्रांती घेणाऱ्या पेशीत नसतं. त्यामुळेच हे मार्कर इतकं उपयोगी पडलं. सुरुवातीला ही अँटिबॉडी फक्त गोठवलेल्या ऊतकावर चालायची. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एमआयबी-१ ही अँटिबॉडी आली, ती फॉर्मॅलिनमध्ये ठेवून मेणात बसवलेल्या नेहमीच्या ब्लॉकवरही चालते, आणि मग केआय-६७ सगळीकडे पोचला. गंमत म्हणजे इतकी वर्षं मोजत असूनही हे प्रथिन करतं काय, ते पुष्कळ उशिरा कळलं. विभाजनाच्या वेळी ते गुणसूत्रांभोवती चढतं आणि त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही. ते काढून टाकलं तरी पेशी विभागू शकते. म्हणजे ही विभाजनाची खूण आहे, विभाजन घडवणारं यंत्र नाही.

त्यात एक मर्यादा आहे जी रिपोर्ट वाचताना कुणी लक्षात घेत नाही. केआय-६७ वेग सांगत नाही. रांगेत किती माणसं उभी आहेत ते दिसतं, रांग किती भराभर सरकतेय ते नाही. चक्रात शिरलेली पेशी ते चक्र सावकाशही पूर्ण करू शकते किंवा मध्येच मरूही शकते. ग्रेड म्हणजे पेशींच्या रूपाला दिलेल्या तीन गुणांची बेरीज; त्यातला तिसरा आकडा, आईंच्या रिपोर्टमधला शेवटचा ‘१’, वेगळी गोष्ट मोजतो. तिथे आम्ही प्रत्यक्ष दोन भागांत फुटत असलेल्या पेशी, म्हणजे मायटोसिस, मोजतो. तो टप्पा चक्राच्या मानाने अगदी छोटा, म्हणून मायटोसिस नेहमीच केआय-६७ पेक्षा खूप कमी दिसतात. पण दोन्ही ढोबळमानाने एकाच दिशेने जायला हवेत. मायटोसिसला १ गुण म्हणजे फुटणाऱ्या पेशी थोड्याच सापडल्या. हे मनात ठेवा, पुढे लागेल.

   

मग १८ की २८?

कदाचित दोन्ही. हे टाळाटाळीचं उत्तर वाटेल, पण आकडा कसा जन्माला येतो ते पाहिलं की पटेल.

पहिली गोष्ट, किती पेशी मोजल्या. समजा गाठीतलं खरं प्रमाण २० टक्के आहे. एखाद्याने फक्त शंभर पेशी मोजल्या तर निव्वळ योगायोगाने त्याचा आकडा १२ ते २८ मध्ये कुठेही पडू शकतो. पाचशे मोजल्या तर साधारण १६.५ ते २३.५. हजार मोजल्या तर १७.५ ते २२.५. केआय-६७ साठी बनलेल्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने २०११ मध्येच सांगितलं होतं की किमान ५०० आणि शक्यतो १००० पेशी मोजाव्यात. प्रत्यक्षात घाईच्या दिवशी स्लाइडवर नजर फिरवून ‘वीसेक टक्के’ लिहिणारेही आहेत. रिपोर्टमध्ये बहुतेक आकडे ५, १०, १५, २० असे गोल दिसले की ते मोजलेले नसून अंदाजलेले आहेत, असं मी खुशाल समजते.

दुसरी आणि जास्त महत्त्वाची गोष्ट, कुठे मोजलं. केआय-६७ गाठीत सारखा पसरलेला नसतो. कडेला, जिथे गाठ पुढे सरकत असते, तिथे बऱ्याचदा जास्त असतो. काही ठिकाणी रंगलेल्या पेशींचे पुंजके असतात, त्यांना हॉट स्पॉट म्हणतात. एक पॅथॉलॉजिस्ट सगळ्या गाठीची सरासरी काढतो, दुसरी हॉट स्पॉट निवडून तिथेच मोजते. एकाच स्लाइडवर पहिल्याला १८ आणि दुसरीला २८ मिळाले, तर दोघांचीही मोजणी बरोबर असू शकते. कार्यगटाचा अलीकडचा कल हॉट स्पॉटकडे नसून गाठीच्या वेगवेगळ्या भागांना त्यांच्या वाट्याप्रमाणे वजन देऊन सरासरी काढण्याकडे आहे. दुसऱ्या लॅबच्या रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात पद्धत लिहिलेली असेल, ती बघा. नसेल तर फोन करून एवढंच विचारा: सरासरी की हॉट स्पॉट, आणि किती पेशी मोजल्या? हा प्रश्न विचारल्याने कुणाचा अपमान होत नाही. चांगल्या लॅबला तर तो आवडेल.

याशिवाय बारीकसारीक पुष्कळ आहे. फिका रंगलेला केंद्रक मोजायचा की नाही (मोजायचा). गाठीत शिरलेल्या लिम्फोसाइटसुद्धा विभागत असतात आणि तपकिरी दिसतात. कॉम्प्युटरने मोजणी केली आणि कुणी त्यांना वगळलं नाही, तर आकडा फुगतो. नळीतच राहिलेला, बाहेर न पडलेला कॅन्सर शेजारी असेल तर तो मोजायचा नसतो. आणि सगळ्यात आधी, गाठ शरीराबाहेर आल्यापासून फॉर्मॅलिनमध्ये पडेपर्यंत किती वेळ गेला. तो तासाभराच्या आत असावा, आणि मग फॉर्मॅलिनमध्ये ६ ते ७२ तास. उशीर झाला तर केआय-६७ खोटाच कमी दिसू शकतो. ईआर आणि पीआरलाही त्याचा त्रास होतो. म्हणूनच सुईने घेतलेल्या बायॉप्सीचा तुकडा अनेकदा मोठ्या गाठीपेक्षा भरवशाचा असतो. तो लहान असतो, लगेच फॉर्मॅलिनमध्ये जातो आणि आतपर्यंत भिजतो. आईंची शस्त्रक्रियेआधीची बायॉप्सी असेल तर तिसरं मत त्या ब्लॉकवर घेणं जास्त शहाणपणाचं.

माझा स्वतःचा कौल? मायटोसिसचा गुण १ आहे, त्यामुळे २८ हा सबंध गाठीचा आकडा असण्यापेक्षा हॉट स्पॉटचा असण्याची शक्यता मला जास्त वाटते. स्लाइड न बघता याहून पुढे जाणार नाही.

पण खरं सांगायचं तर १८ आणि २८ यांच्यातलं अंतर इंटरनेटवर दिसतं तेवढं मोठं नाही. या आकड्यांमधल्या रेषा कशा हलत आल्या बघा. सेंट गॅलनच्या तज्ज्ञ परिषदेने २०११ मध्ये ल्युमिनल ए आणि ल्युमिनल बी, म्हणजे हार्मोनवर चालणाऱ्या कॅन्सरचा शांत आणि चपळ प्रकार, यांच्यामध्ये १४ टक्क्यांची रेषा ओढली. २०१३ मध्ये ती २० पर्यंत सरकली. लॅबमधला फरक लक्षात घेऊन २०२१ मध्ये केआय-६७ च्या कार्यगटाने जे सांगितलं ते मला सर्वांत प्रामाणिक वाटतं: लवकरच्या टप्प्यातल्या ईआर पॉझिटिव्ह, हर-२ निगेटिव्ह गाठीत ५ टक्के किंवा कमी असेल तर तो कमी समजा, ३० किंवा जास्त असेल तर जास्त समजा, आणि मधल्या आकड्यावर एकट्यावर निर्णय टेकवू नका. त्यांच्या हिशेबात आईंचे दोन्ही आकडे मधल्याच पट्ट्यात येतात. १८ ला ल्युमिनल ए आणि २८ ला ल्युमिनल बी असं लेबल लावून एका घराला दिलासा आणि दुसऱ्याला धास्ती देणं मला पटत नाही.

पीआर ५ टक्के ही ओळ तुम्ही प्रश्नात नुसती लिहून पुढे गेलात. मी तिच्यावर जास्त वेळ थांबले असते. पीआर हा ईआरच्या कामाचा पुरावा. ईआर भरपूर आणि पीआर जवळजवळ नाही, म्हणजे साखळीत मधे काहीतरी वेगळं चाललंय. बऱ्याचदा वाढीचे दुसरे मार्ग जागे झालेले असतात. अशा गाठी सरासरीने थोड्या जास्त आक्रमक वागतात. सेंट गॅलनने २०१३ मध्ये ल्युमिनल ए म्हणायला पीआरही २० टक्क्यांच्या आसपास किंवा वर हवा असं धरलं, ते याच कारणाने. पण लगेच घाबरू नका, पीआर कमी म्हणजे हार्मोनच्या (म्हणजे इस्ट्रोजेनला अडवणाऱ्या) गोळ्यांचा उपयोग नाही असं मुळीच नाही. टॅमॉक्सिफेन या अशाच एका गोळीच्या जगभरच्या चाचण्या एकत्र करून केलेल्या २०११ च्या मोठ्या विश्लेषणात ईआर पॉझिटिव्ह बायकांमध्ये पाच वर्षं गोळी घेतल्याने स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने कमी झाले, आणि पीआर असो-नसो, फायदा सारखाच होता.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते, आणि ती डॉक्टरांच्या बोलण्यातही होते. पुढे धोका किती हे सांगणं एक, आणि कुठलं औषध लागू पडेल हे सांगणं दुसरं. ईआर प्रामुख्याने दुसरं काम करतो, केआय-६७ प्रामुख्याने पहिलं. अबेमासिक्लिब या औषधाची गोष्ट याचं चांगलं उदाहरण आहे. वर सांगितलेल्या साखळीतल्या सीडीके ४ आणि ६ ला अडवणारं हे औषध. परत उद्भवण्याचा धोका जास्त असलेल्या, लिम्फ नोडमध्ये रोग पोचलेल्या रुग्णांसाठी अमेरिकेच्या एफडीएने ते ऑक्टोबर २०२१ मध्ये मंजूर केलं तेव्हा केआय-६७ २० टक्के किंवा जास्त असण्याची अट होती. मोनार्क-ई चाचणीत पुढे स्पष्ट झालं की केआय-६७ जास्त असलेल्या बायकांमध्ये रोग जास्त वेळा परततो हे खरं, पण औषधाचा फायदा कमी केआय-६७ वाल्यांनाही तसाच होतो. मार्च २०२३ मध्ये ती अट काढून टाकली. आईंच्या लिम्फ नोड स्वच्छ आणि गाठ छोटी, त्यामुळे त्यांच्यासाठी हे औषध सध्या चर्चेतच नाही.

केमोच्या बाबतीत उलटाही प्रकार असतो. चक्रात असलेल्या पेशींवर केमो जास्त चालते, म्हणून केआय-६७ फार जास्त आणि ईआर नसलेल्या गाठी शस्त्रक्रियेआधीच्या केमोने कधी कधी पूर्ण विरघळतात. ईआर भरपूर, केआय-६७ कमी अशी गाठ केमोला फारशी दाद देत नाही, आणि तरीही त्या बाईचं भवितव्य चांगलं असतं. ‘केमोला प्रतिसाद’ आणि ‘चांगला कॅन्सर’ यांचा सरळ संबंध जोडू नये, तो असा.

माझ्या मते केआय-६७ चा सर्वांत बोलका उपयोग तो एकदा मोजण्यात नाही, दोनदा मोजण्यात आहे. ब्रिटनमधल्या पोएटिक चाचणीत पाळी गेलेल्या बायकांना शस्त्रक्रियेआधी फक्त दोन आठवडे ॲरोमाटेज इन्हिबिटरची, म्हणजे इस्ट्रोजेन तयार होऊ न देणारी, गोळी दिली आणि केआय-६७ आधी आणि नंतर मोजला. हर-२ निगेटिव्ह गाठींमध्ये निकाल असे: सुरुवातीला आणि नंतरही केआय-६७ १० टक्क्यांखाली असलेल्यांमध्ये पाच वर्षांत रोग परतण्याचं प्रमाण ४.३ टक्के, सुरुवातीला जास्त पण गोळीने १० खाली आलेल्यांमध्ये ८.४, आणि गोळी घेऊनही वर राहिलेल्यांमध्ये २१.५. इस्ट्रोजेन तोडलं आणि विभाजन थांबलं, म्हणजे हुकूम खरंच तिथून येत होता. तोडूनही थांबलं नाही, म्हणजे पेशी दुसऱ्या कुणाचं ऐकताहेत. स्लाइडवरचा ईआर ९५ टक्के हे एकटा सांगू शकत नाही. रिसेप्टर आहे एवढंच तो सांगतो. आईंची शस्त्रक्रिया होऊन गेली, त्यामुळे त्यांना आता याचा उपयोग नाही. पण हे वाचणाऱ्या ज्यांची शस्त्रक्रिया व्हायची आहे, त्यांनी आपल्या ऑन्कॉलॉजिस्टला जरूर विचारावं.

ईआर कमी असलेल्यांसाठी थोडंसं. १ टक्का पेशी रंगल्या तरी ईआर पॉझिटिव्ह म्हणतात, पण २०२० पासून अमेरिकन मार्गदर्शक तत्त्वांत १ ते १० टक्क्यांना ‘लो पॉझिटिव्ह’ असं वेगळं नाव आहे, कारण यातल्या अनेक गाठी ट्रिपल निगेटिव्हसारख्या (ईआर, पीआर, हर-२ तिन्ही नसलेल्या गाठींसारख्या) वागतात. आणि रिपोर्टमध्ये ईआर शून्य असेल तर शेजारच्या निरोगी नळ्या रंगल्या होत्या का, हे लॅबने लिहिलेलं असावं. त्याही रंगल्या नसतील तर दोष गाठीचा नसून तपासणीचा असू शकतो. लोब्युलर, ट्युब्युलर किंवा म्युसिनस हे प्रकार बहुतेक वेळा ईआर पॉझिटिव्हच असतात, म्हणून त्यांच्यात ईआर शून्य आला तर मी तपासणी पुन्हा केल्याशिवाय सही करत नाही. पुढे कधी रोग हाडात गेला आणि तिथली बायॉप्सी घेतली, तर हाड मऊ करायला तीव्र आम्ल वापरलं का हेही विचारावं, कारण त्याने ईआर पुसला जातो. अशा बायॉप्सीसाठी ईडीटीए हे सौम्य रसायन बरं.

आता केमो. पन्नाशीच्या पुढची बाई, ईआर पॉझिटिव्ह, हर-२ निगेटिव्ह, लिम्फ नोड स्वच्छ: नेमक्या याच गटासाठी जीन टेस्ट आहेत. ऑन्कोटाइप डीएक्स २१ जनुकं बघते. त्यात ईआर, पीआर आणि केआय-६७ तिन्हींची जनुकं आहेत, आणि स्कोअरमध्ये सर्वांत जड पारडं विभाजनाच्या गटाचं असतं. म्हणजे तुम्ही ज्या दोन ओळींवर अडलात, त्यांचाच हिशेब ती जास्त नेमकेपणाने मांडते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टेलर-एक्स चाचणीत ५० च्या वरच्या बायकांमध्ये स्कोअर २५ किंवा खाली असेल तर हार्मोनच्या गोळ्यांवर केमोची भर घालून फायदा दिसला नाही. २६ किंवा वर आला तर केमोची चर्चा होते. आईंच्या रिपोर्टमध्ये पीआर कमी, केआय-६७ मधल्या पट्ट्यात, मायटोसिस कमी, म्हणजे खुणा दोन्ही बाजूंना ओढणाऱ्या आहेत. नेमक्या अशाच वेळी ही टेस्ट सर्वांत उपयोगी पडते. ती शक्य नसेल तर ऑन्कॉलॉजिस्ट गाठीचा आकार, ग्रेड, पीआर, केआय-६७ आणि आईंची एकंदर तब्येत मिळून अंदाज बांधतील, आणि त्या अंदाजात १८ की २८ यावरून फार थोडाच फरक पडेल.

हार्मोनची गोळी मात्र दोन्ही बाबतींत लागणारच, आणि ती मध्येच सोडायची नाही. ईआर पॉझिटिव्ह कॅन्सर पाच वर्षांनंतरही, कधी कधी दहा-पंधरा वर्षांनीही परततो, आणि त्या उशिराच्या धोक्याबद्दल केआय-६७ फार थोडं सांगतो. ‘केआय-६७ कमी आहे ना, मग बास’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

जीन टेस्टसाठी गाठीचा मूळ ब्लॉक लागतो. तो फेरतपासणीच्या लॅबमधून परत आलाय का, हे आजच विचारून घ्या.